आधी आरसा पुसा
(वाचकांचे प्रश्न : जुने फिल्म स्कॅनर)

मागच्या अंकात "जुन्या निगेटिव्ह घरी पण स्कॅन करता येतात" एवढं एक वाक्य काय लिहिलं, लोकांनी माळ्यावरचे स्कॅनर खाली काढले की राव. पत्रांचा ढीग बघून संपादक म्हणाले या वेळचं सदर सगळं स्कॅनरलाच देऊन टाका, तर दिलं. निम्म्या पत्रांत तक्रार एकच, "चालू होतंय पण नीट येत नाही", आता ह्याच्यावर मी काय सांगू, डॉक्टरसमोर बसून नुसतं "बरं वाटंना" म्हटल्यासारखं झालं ते. पुढच्या वेळी मॉडेल नंबर, लाइट कसा लुकलुकतोय, आवाज कसला येतोय आणि कॉम्प्युटर कुठला एवढं तरी लिहा. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका खोलीत बसून गेली वीसेक वर्षं कॅमेरे, प्रोजेक्टर आणि स्कॅनर उघडतोय, त्यातलं हाताखालून गेलंय तेवढंच सांगतो.

प्रश्न : वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या मागं दोन पेट्या स्लाइड आणि निकॉनचा कूलस्कॅन ५ हा स्कॅनर राहिलाय, मागं एलएस-५० असं लिहिलंय. दहा-बारा वर्षं कपाटात होता. चालू होतो, स्कॅन पण करतो, पण सगळ्या फोटोंवर धुकं आल्यासारखं दिसतं. पांढऱ्या साडीभोवती तर दिव्यासारखं वलय येतं. एका दुकानात दाखवला, ते म्हणाले सेन्सर गेलाय, भंगारात घाला. खरंच घालू का? (एक वाचिका, मंगळवार पेठ)

उत्तर : ताई, अजिबात घालू नका. सेन्सर गेला की असं दिसत नाही. तो बिघडला तर फोटोत रेघा येतात, एखादा रंगच गायब होतो, नाहीतर सगळं काळं येतं. धुकं आणि वलय म्हणजे उजेड वाटेत कुठंतरी पसरतोय, आणि ह्या कूलस्कॅनमध्ये तो कुठं पसरतो ते आता मला तोंडपाठ झालंय. आरशावर.

आत काय असतंय बघा. ह्यात ट्यूब नसते, लाल, हिरवा, निळा आणि इन्फ्रारेड असे एलईडी असतात, म्हणून चालू केल्यावर तापायची वाट बघावी लागत नाही आणि दिवा सहसा जात पण नाही. फिल्ममधनं आलेला उजेड एका तिरक्या आरशावर पडतो, तिथनं वळून लेन्समध्ये, लेन्समधनं सेन्सरवर. आता हा आरसा बसलाय तोंड वर करून, आणि पुढं स्लाइड घालायची फट. बारा वर्षं धूळ झेलत बसलाय बिचारा. कपाटात होता म्हणजे सुरक्षित होता असं काही नसतं, कपड्यांचा बारीक भुस्सा पण आत जातो, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओलसर लागतोय, त्या दमटपणात ती धूळ आरशाला चिकटून पातळ साय धरल्यागत होते.

खात्री करायची असेल तर आधी एक करा. एखादी स्लाइड घ्या जिच्यात एकदम काळं आणि एकदम पांढरं शेजारी-शेजारी आहे, देवळाचा अंधारा दरवाजा आणि बाहेरचं ऊन असली. स्कॅन करा, धूळ काढायचं सॉफ्टवेअर, शार्पनिंग सगळं बंद ठेवून. उन्हाचा उजेड दरवाजाच्या काळ्यात सांडलेला दिसला तर आरसा मळलाय. निगेटिव्हला हेच उलटं दिसतं बरं का, कारण फोटोतला काळा भाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक असतो आणि जास्त उजेड तिथनं येतो, म्हणून तिथं काळोख पांढऱ्यात सांडतो आणि साडीची कड मळकी दिसते. लोक म्हणतात निगेटिव्ह खराब झाली. निगेटिव्ह चांगली असते.

आता पुसायचं कसं. प्लग नुसता बंद नाही, भिंतीतनं काढा, आणि अर्धा तास तसाच ठेवा, कारण आत पॉवर सप्लाय आहे आणि त्याच्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, त्या सप्लायच्या पट्टीकडं बोट पण न्यायचं नाही. स्लाइडचा अडॅप्टर ओढून बाजूला ठेवा. मग कव्हरचे स्क्रू. प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये काढलेल्या क्रमानं टाका, ही युक्ती मला एका घड्याळवाल्यानं शिकवली, वाटीत टाकले की खेळ खलास. कव्हर निघालं की टॉर्च मारून बघा, लेन्सच्या समोर तिरका आरसा दिसेल. टॉर्च बाजूनं मारा, समोरून मारला तर आरसा चकाचक वाटतो आणि धूळ दिसतच नाही.

हा आरसा आपल्या कपाटाच्या आरशासारखा नाही. घरच्या आरशाचं चांदीचं काम काचेच्या मागं असतं, ह्याचा मुलामा काचेच्या पुढं, उघडा. म्हणून आधी फक्त फुग्याचा ब्लोअर, तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. त्यानं गेलं तर तिथंच थांबा. नाही गेलं तर चांगल्या कापसाची काडी, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून नीट झटकलेली, आणि हात एकदम हलका, एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाकडं एकच फेर, मग ती काडी टाका आणि नवीन घ्या. गोल-गोल घासायचं नाही. बनियनचं टोक, चष्म्याचं फडकं, स्पिरिट, काच पुसायचा निळा स्प्रे ह्यातलं काहीही नाही. माझा पहिला आरसा मी मलमलीनं घासला होता, त्याच्यावर झाडूनं काढल्यागत रेघा उठल्या, तो अजून टेबलावर ठेवलाय, गिऱ्हाईकाला दाखवायला. तेवढ्यात लेन्सचं पुढचं तोंड पण ब्लोअरनं उडवून घ्या.

कव्हर उघडं ठेवून उन्हात टेस्ट करू नका, बाहेरचा उजेड आत गेला की मशीन खुळ्यागत वागतं आणि तुम्हाला वाटणार मी मोडलं. कव्हर बसवा, मग बघा. आणि तुमचा यूएसबीचा आहे म्हणून सांगतो, निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर चौसष्ट बिटच्या विंडोजसाठी कंपनीनं कधी काढलंच नाही, त्यामुळं नवीन लॅपटॉपवर व्ह्यूस्कॅन घ्या, पैसे पडतात पण जुन्या मशीनचा ड्रायव्हर त्यातच येतो.

प्रश्न : कूलस्कॅन ४००० आहे. चालू केला की कर्र कर्र आवाज, मग पुढचा लाइट भराभर लुकलुकतो आणि बसतो तसाच. मित्र म्हणाला जाम झालंय, म्हणून गंज काढायचा स्प्रे मारला. दोन दिवस चालला, आता आधीपेक्षा जास्त आवाज येतो. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : भावा, मित्राला चहा पाजू नको.

लाइट सावकाश लुकलुकला तर मशीन कामात आहे, भराभर लुकलुकला तर काहीतरी अडलंय. चालू झाल्यावर हे मशीन आधी आपला लेन्सचा गाडा मागं-पुढं नेऊन मूळ जागा शोधतं, तिथं यू आकाराचा एक छोटा सेन्सर असतो, गाड्याची पट्टी त्याच्या मधनं गेली की मशीनला कळतं आपण घरी आलो. गाडा पोचलाच नाही तर मोटर ढकलत राहते आणि दाते घसरून कर्र कर्र होतं. आता गाडा पोचत का नाही? कारण कंपनीनं घातलेलं ग्रीस वीस वर्षांत वाळून मेण झालंय. मोटर बारीक असते, तिच्यात तेवढी ताकद नाही.

तू मारलेल्या स्प्रेनं काय झालं, तर त्यानं ते मेण तात्पुरतं पातळ केलं, दोन दिवस गाडा पळाला, मग स्प्रेतलं पातळ ते उडून गेलं आणि मागं राहिला चिकट राब, त्यावर धूळ. वर तो फवारा आरशावर, लेन्सवर कुठं कुठं गेलाय ते देवाला ठाऊक. ते पण आता पुसावं लागणार, वरच्या ताईंचं उत्तर वाच.

करायचं असं. सळ्या आणि आट्याचा दांडा, म्हणजे मोटर फिरवते तो लांब स्क्रू, हे आयसोप्रोपिलनं पुसून पुसून जुनं ग्रीस पूर्ण काढायचं, कापूस पांढरा येईस्तोवर, आट्यांच्या खाचेत दात घासायचा मऊ ब्रश चालतो. वायरींच्या चपट्या पट्ट्या असतात त्यांना ओढायचं नाही, त्या एकदा सॉकेटमधनं तिरक्या बसल्या की दुसरीच भानगड. गाडा हातानं हळू सरकवून बघ, शेवटपर्यंत एकसारखा गेला पाहिजे. मग प्लास्टिकला चालणारं पांढरं हलकं ग्रीस, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं, दोन-तीन ठिकाणी, आणि गाडा चार-पाच वेळा पुढं-मागं करून पसरवायचं. उद्यमनगरात लेथला घालतात ते ग्रीस नको, ते फार जाड. शिलाई मशीनचं तेल नको, ते पळतं. खोबरेल तेल घातलेला एक स्कॅनर माझ्याकडं आलाय, थंडीत ते थिजलं, हसू नका कुणी.

त्या यू सेन्सरमध्ये ब्लोअर मार, धुळीचा गोळा तिथं अडकला तरी लक्षण हेच. एवढं सगळं करून पण आवाज तोच राहिला तर फिल्मचा अडॅप्टर काढून नुसता स्कॅनर चालू कर. अडॅप्टरशिवाय गप बसला तर दोष अडॅप्टरमध्ये आहे, त्याचे रबरी रोलर कडक झालेत नाहीतर मागचे पितळी काँटॅक्ट काळे पडलेत. काँटॅक्ट साध्या खोडरबरनं साफ होतात, रोलर किंचित ओल्या फडक्यानं पुसायचे.

प्रश्न : आजोबांच्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह आहेत, डबीवर इंदू असं नाव दिसतं. धूळ काढायचं डिजिटल आइस चालू केलं की माणसांचे चेहरेच विचित्र होतात, डोळ्यांच्या कडा खाल्ल्यासारख्या. आइस बिघडलंय का? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : आइस ठणठणीत आहे, तुमची फिल्म त्याला चालत नाही एवढंच. इंदू म्हणजे आपल्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सची, उटीची. आजोबांच्या काळात स्टुडिओवाल्यांच्या कपाटात हमखास दिसायची, हातात घेतली की अजून बरं वाटतं.

आइसचं काम असं चालतं की रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात. म्हणून स्कॅनर इन्फ्रारेडचा वेगळा फोटो काढतो, त्यात जे काळं दिसतं ते धूळ, आणि तेवढी जागा आजूबाजूच्या रंगानं भरतो. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते. म्हणजे स्कॅनरला तुमच्या आजोबांच्या मिशा ओरखडा वाटतात आणि तो त्या बुजवायला जातो. कोडाक्रोम स्लाइडला पण असाच घोळ होतो, कमी-जास्त. काळी-पांढरी असून आइस चालते अशी फिल्म म्हणजे इलफर्डची एक्सपी२, कारण ती रंगीत फिल्मच्या केमिकलमध्ये धुतात आणि शेवटी तिच्यात चांदी उरत नाही.

तुम्ही आइस बंद करा, ब्लोअर आणि मऊ ब्रश घ्या, आणि उरलेले ठिपके कॉम्प्युटरवर बसून हातानं काढा. कंटाळवाणं आहे. इलाज नाही.

प्रश्न : एलएस-२००० मिळाला, फुकट. मागं पन्नास पिनांचं मोठं सॉकेट आहे. ह्याला यूएसबी करायचं कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतंय, घेऊ का? (एक कॉलेज विद्यार्थी, गडहिंग्लज)

उत्तर : नको घेऊ बाळा. ते सॉकेट स्कझीचं, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या जमान्यातली मशीन कॉम्प्युटरला जोडायची पद्धत. तसले कन्व्हर्टर बहुतेक त्या काळच्या विंडोजपुरते चालायचे, नवीन लॅपटॉपवर ते नुसतं उजेड देतात. त्यापेक्षा पीसीआय स्लॉट असलेला एखादा जुना डेस्कटॉप बघ, ऑफिसं बदलताना लोक किलोवर घालतात, त्यात अडॅप्टेकचं स्कझी कार्ड आणि विंडोज एक्सपी. इंटरनेटला जोडायचा नाही तो, फोटो पेनड्राइव्हनं काढायचे.

स्कझीचे तीन नियम लक्षात ठेव, हे आमच्या पिढीला रट्टा मारून शिकवलंय. साखळीतल्या प्रत्येक मशीनचा आयडी नंबर वेगळा, ० ते ७ मधला, आणि ७ सहसा कार्डाचाच असतो म्हणून तो सोडून दुसरा दे. साखळीच्या शेवटच्या मशीनला टर्मिनेटर पाहिजे, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत येतो, आणि मग स्कॅनर एकदा दिसणार, एकदा नाही दिसणार, तू विंडोजला शिव्या देत बसणार. तिसरं, आधी स्कॅनर चालू, मग कॉम्प्युटर, आणि चालू असताना केबल काढायची-घालायची नाही, यूएसबीची सवय इथं महागात पडते. इचलकरंजीवाल्या भावाच्या ४००० ला स्कझी नाही, फायरवायर आहे, त्याला डेस्कटॉपमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड लावलं की बहुतेक वेळा तंटा मिटतो.

प्रश्न : एप्सनच्या व्ही७०० फ्लॅटबेडवर निगेटिव्ह स्कॅन करतो. प्रत्येक फोटोत एकाच जागी वरून खालपर्यंत रंगीत रेघ येते. काच रोज पुसतो. (एक वाचक, कागल)

उत्तर : काच पुसताय पण कुठली? निगेटिव्हच्या फ्रेमच्या टोकाला एक आडवी फट मोकळी सोडलेली असते बघा, ती शोभेला नाही. स्कॅन सुरू करायच्या आधी मशीन त्या फटीतनं उजेड बघून स्वतःला जुळवून घेतं. तिथल्या काचेवर एक केस पडला, किंवा तुम्ही तिथंच निगेटिव्हचं टोक ठेवलं, तर मशीनला वाटतं ह्या जागी उजेडच कमी आहे आणि तेवढा पट्टा ते पूर्ण स्कॅनभर उजळ करत जातं. म्हणून रेघ. तेवढी जागा पुसा, वरच्या झाकणातली काच पण पुसा.

आणि ह्या मॉडेलला ट्यूबसारखा दिवा आहे, एलईडी नाही, तर सकाळी चालू केल्या केल्या पहिला स्कॅन जुन्या निगेटिव्हचा नका करू, पंधरा-वीस मिनिटं तापू दे. काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर आला असेल तर तो प्लास्टिकमधनंच निघालेला असतो, काच उघडून पुसावी लागते, ते फार अवघड नाही पण पहिल्यांदा करताना जोडीला कुणीतरी धरा.

प्रश्न : एवढा सगळा उपद्व्याप कशाला? मोबाइलवर पांढरा स्क्रीन लावायचा, निगेटिव्ह धरायची, दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढायचा. झालं की! (एक वाचक, सांगली)

उत्तर : सांगलीकर, झालं की. व्हॉट्सॅपवर बहिणीला पाठवायचं असेल तर तेच करा, मी पण करतो. फक्त निगेटिव्ह स्क्रीनला टेकवू नका, स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात, तीन-चार बोटं वर धरा.

पण हिशेब बघा. पस्तीस एमएमची एक फ्रेम ४००० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ४००० ठिपके, स्कॅन केली की साधारण ३७८० बाय ५६७० पिक्सेल, म्हणजे दोन कोटी दहा लाखाच्या वर, आणि सोळा बिटमध्ये ठेवली तर एकेक फाइल १२८ एमबीच्या आसपास. त्यातनं लग्नाचा फोटो भिंतीएवढा करता येतो. चांगला डीएसएलआर, मॅक्रो लेन्स आणि बरा लाइट असेल तर कॅमेऱ्यानं पण तोडीस तोड काम होतं आणि स्कॅनरपेक्षा कितीतरी पट लवकर होतं, हे मी मान्य करतो, हजारो निगेटिव्ह असतील तर मी स्वतः तेच सांगेन. पण रंगीत निगेटिव्हवर धूळ बसलेली असेल तर आइसवाल्या स्कॅनरला अजून तोड नाही, कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसत नाही, ते ठिपके तुम्हालाच पुसत बसावं लागतंय.

प्रश्न : २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं होतं. लग्नाच्या, मुलांच्या लहानपणीच्या सगळ्या निगेटिव्ह अल्बमच्या पाकिटांना चिकटून वाळल्या आहेत. काहींवर बुरशीचे जाळे आहे. ओढून काढायचं धाडस होत नाही. स्कॅनर आमच्याकडं आहे, पण ह्या घालू का? (एक वाचिका, शाहूपुरी)

उत्तर : काकू, ओढल्या नाहीत हे लई चांगलं केलंत. तुमच्यासारखी अजून चार पत्रं आहेत, एक तर २०२१ च्या पुराचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा थर, चित्र त्या थरात असतं. जिलेटिन पाण्यात फुगतं आणि वाळताना ज्याला टेकलं असेल त्याला गोंदासारखं धरतं. पुराचं पाणी उतरल्यावर आपण सगळ्यांनी हेच केलं, जे हाताला लागलं ते गच्चीवर उन्हात टाकलं. निगेटिव्हच्या बाबतीत ते उलटं करायला पाहिजे होतं, गढूळ पाण्यातनं काढून स्वच्छ थंड पाण्यात ओल्याच ठेवायच्या आणि एकेक सुटी करून मग वाळवायच्या. पुढं कधी वेळ आलीच तर एवढं ध्यानात ठेवा, येऊ नये, पण पंचगंगेचा काय भरवसा.

आता वाळलेल्यांचं. आधी दोन ढीग करा, बुरशी असलेल्या आणि नसलेल्या, कारण दोन्हींचा उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहे. बुरशी नसलेल्यांतली सगळ्यात कमी महत्त्वाची पट्टी निवडा, आंधळा आलेला फोटो असेल एखादा. ती पाकिटासकट फिल्टरच्या पाण्यात बुडवा, खोलीतल्या पाण्याएवढंच थंड, गरम अजिबात नाही. अर्ध्या तासानं पाण्याखालीच हळू सरकवून बघा. सरकली तर ठीक, नाही तर परत सोडा, घाई करायची नाही, तासभर लागू दे. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, ओलं असताना ते जिलेटिन खरवसासारखं असतं. सुटली की दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकदा फिरवा, शेवटच्या पाण्यात फोटो धुण्याचं फोटो-फ्लो मिळालं तर दोन थेंब, म्हणजे पाण्याचे डाग राहत नाहीत. मग कपड्याच्या चिमट्यानं एका टोकाला लटकवा, खाली दुसरा चिमटा वजनाला, बाथरूममध्ये, पंखा बंद. पहिली पट्टी नीट निघाली तरच बाकीच्यांना हात घाला.

बुरशीवाल्यांना पाणी लावायचं नाही. बुरशी जिलेटिन खाते आणि खाल्लेला थर पाण्यात विरघळून जातो, तुम्ही धुवायला जाल आणि चेहराच वाहून जाईल, एका गिऱ्हाईकाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांदेखत झालंय, मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी नळाखाली धरली होती. त्या आधी कोरड्या ठिकाणी ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, म्हणजे बुरशी सुकते. मग मऊ ब्रशनं वरवर झटका, घराबाहेर आणि नाकाला रुमाल बांधून. उरलेलं आयसोप्रोपिलनं, पाणी न मिसळलेल्या, हलक्या हातानं. खाल्लेली जागा परत येत नाही, जाळ्याचे डाग राहणार, ते मान्य करूनच बसायचं. पाकिटाला चिकटून बसलेल्या आणि बुरशी पण आलेल्या असतील तर तुम्ही काही करू नका, पाकीट पारदर्शक असेल तर तसंच पाकिटासकट फ्लॅटबेडवर स्कॅन करून ठेवा, निदान काहीतरी राहील.

आणि हो, तुमचा मूळ प्रश्न. पूर्ण वाळून सरळ झालेल्याच फिल्म स्कॅनरमध्ये घालायच्या. पुराच्या मातीचा एक कण रोलरवर गेला की तो पुढच्या सगळ्या निगेटिव्हवर रेघ मारत जातो. वाकड्या-तिकड्या झालेल्या पट्ट्या आपोआप ओढणाऱ्या अडॅप्टरमध्ये अडकतात, त्या हातानं घालायच्या फ्रेममध्ये ठेवा, निकॉनची असेल तर एफएच-३. सरळ करायला दोन आठवडे जाड पुस्तकांखाली ठेवल्या तरी चालतंय, मध्ये साधा पांढरा कागद घालून.

प्रश्न : कूलस्कॅन ८००० वर स्टुडिओच्या चौकोनी सिक्स बाय सिक्स निगेटिव्ह करतोय, निळ्या आकाशात बारीक पट्टे-पट्टे दिसतात. (एक फोटोग्राफर, कोल्हापूर)

उत्तर : सुपर फाइन स्कॅन चालू करा. नेहमीच्या वेळी हा सेन्सरच्या तीन ओळी एकदम वापरतो आणि तिन्ही तंतोतंत जुळत नाहीत, सुपर फाइनला एकच वापरतो, पट्टे जातात, वेळ मात्र जवळपास तिप्पट. आणि हार्ड डिस्क मोठी घ्या, सिक्स बाय सिक्सची एक फाइल साडेचारशे एमबीच्या वर जाते.

प्रश्न : जुन्या स्कॅनरमधला रबरी बेल्ट तुटलाय, कंपनी पार्ट देत नाही. आता? (एक वाचक, शिरोली)

उत्तर : तुम्ही शिरोलीत राहून हे विचारताय? ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला त्याच्या वेशीवर बसून बेल्टला अडलात? बेल्ट गोल असेल तर शिवाजी उद्यमनगरात हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात जा आणि ओ-रिंग मागा. सोबत जुना तुकडा न्या, पण त्याच्या मापावर जाऊ नका, तो वीस वर्षं ताणून लांब झालेला असतो. दोन्ही पुल्यांवरनं दोरा फिरवून लांबी काढा आणि त्याच्यापेक्षा किंचित लहान घ्या, जाडी मात्र जुन्याएवढीच, जाड घेतली तर मोटर ओढत नाही आणि इचलकरंजीवाल्याच्या मशीनसारखा आवाज सुरू होतो. बेल्ट चपटा दातेरी असेल तर आधी दाते मोजून आणि रुंदी मोजून मला लिहा, तो जुळवायला वेळ लागतो. ओ-रिंग घेताना दोन घ्या, बसवताना एक सटकून कपाटाखाली जातेच.